कलम नववे : हिवाळ्याची बेगमी

कोर्नुलेश्ती गावात दारू कोणीही पीत नाही. हे सरपंच हरालांबी कोजोकारू स्वतः सांगतात, आणि सांगताना त्यांच्या हातात पेला असतो. पेल्यात वाइन असते, पण वाइन म्हणजे काही दारू नव्हे. वाइन म्हणजे घरचे. अंगणातला वेल, तळघरातले पिंप, आणि पिंपाशेजारी खुंटीला टांगलेला एकच पेला. तो यजमान आधी स्वतः पिऊन दाखवतो आणि मग पाहुण्यांत फिरवतो. सगळ्या मोल्दोव्हात हेच चालते आणि याला पाहुणचार म्हणतात. दारू पितो असे फक्त त्या माणसाबद्दल म्हणायचे, ज्याचे स्वतःचे पिंप आटले आणि जो आता दुसऱ्याच्या तळघराकडे डोळे लावून बसला.

या व्याख्येप्रमाणे गावात दारू पिणारी एकच बाई होती, ओलेस्या. तिने चौदा महिन्यांपूर्वी सोडली. म्हणजे गाव आता धुतल्या तांदळासारखे स्वच्छ झाले होते.

याचे श्रेय अग्रिपिना बोत्नारूला द्यायला हवे, असे निदान अग्रिपिनाला वाटत असे. ही गावकचेरीतली समाजसेविका. वय सत्तावन्न, नोकरी बावीस वर्षे, वाहन सायकल. ज्या घरांत पोरांची आबाळ होते ती घरे शोधायची, त्यांची फाइल उघडायची, आणि ती बंद होईपर्यंत त्या घराची पाठ सोडायची नाही, हे तिचे काम. फाइल बहुधा बंद होई ती घरातले माणूस इटलीला म्हातारे सांभाळायला गेल्यावर, नाहीतर थेट वरच गेल्यावर. ओलेस्याची फाइल मात्र पोर घरी परत येऊन बंद होण्याची शक्यता होती. बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडू पाहत होते, त्यामुळे अग्रिपिना आठवडाभर ती फाइल रोज काढून बघत होती.

ओलेस्याचा नवरा मॉस्कोला इमारतींच्या कामावर गेला तो गेलाच. मागे राहिली इलिंका नावाची लहान मुलगी, दोन खोल्या आणि दोनशे लिटरचे पिंप. पुढच्या दोन हिवाळ्यांत ओलेस्या आणि पिंप यांत आधी कोण रिकामे होते याची जणू पैज लागली. एका जानेवारीत पोर तीन दिवस शाळेत आली नाही म्हणून अग्रिपिना घरी गेली, तर ओलेस्या तळघराच्या जमिनीवर पडलेली. अंगावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या. त्या सहा वर्षांच्या पोरीने एकेक करून खाली ओढत आणल्या होत्या, आणि स्वतः नुसत्या फ्रॉकवर आईच्या उशाशी बसली होती. म्हणाली, "हळू बोला, आत्ताच झोपलीय."

अग्रिपिनाने त्याच दिवशी पोर उचलून जिल्ह्याच्या गावी सांभाळ करणाऱ्या कुटुंबात ठेवली. पोर गेली की आई शुद्धीवर येते, असे फॉर्म तयार करणाऱ्यांना वाटते. ओलेस्या आणखी आठ महिने प्याली. मग सप्टेंबरात, शाळेच्या पहिल्या दिवशी, फुलांचा गुच्छ घेऊन ती जिल्ह्याच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. इलिंकाच्या मैत्रिणीने विचारले, "ही कोण गं?" इलिंका म्हणाली, "आमच्या गावची आहे."

त्या दिवसापासून ओलेस्याने थेंब घेतला नाही. तीन आठवडे जिल्ह्याच्या इस्पितळात काढले, आणि नंतर दर गुरुवारी गावच्या वाचनालयात. तिथे सहा खुर्च्या गोल मांडून अग्रिपिना पिणाऱ्यांची बैठक घेत असे. पिणारे बाहेरगावचे, कारण गावात कोणी पीत नाही. अग्रिपिना स्वतः हजेरीपुस्तक मांडीवर घेऊन दाराजवळ सातव्या खुर्चीत बसे आणि मान डोलावत ऐके. मग घरी जाऊन तळघरात उतरे. रात्रीच्या जेवणाबरोबर तिचा एक पेला रक्तदाबासाठी असे, एक झोपेसाठी, आणि गुरुवारी एक जास्तीचा, कारण दुसऱ्यांची दुःखे ऐकून माणूस थकतो. याला पिणे म्हणत नाहीत हे वर आलेच आहे.

आता बुधवारी समिती येणार होती. तीन माणसे आणि अग्रिपिना, चौदा कलमांचा फॉर्म. सगळ्यांनी सही केली तर शनिवारच्या बसने इलिंका घरी. एकाने जरी नाही म्हटले तर प्रकरण पुढे ढकलायचे, आणि पुढे ढकलायला जागाच नव्हती. दोन वर्षे भरली की पोरीला कायमचे दुसरे घर शोधायचे असा नियम, आणि दोन वर्षे भरायला दोनच महिने उरले होते.

मंगळवारी दुपारी अग्रिपिना सायकलवरून ओलेस्याकडे गेली आणि शेवटची झडती घेतली. पोरीची वेगळी खाट, चादर इस्त्रीची. धुराडे साफ. सरपण छपरापर्यंत. कुठेही नाव ठेवायला जागा नव्हती. आणि तिथेच, सगळे इतके चांगले पाहून, अग्रिपिनाला एकदम घाम फुटला.

"ओलेस्या, पोरी, उद्या त्यांच्यापुढे ठेवणार काय?"

"प्लाचिंता करतेय, मावशी. कोबी भरून. आणि चेरीचं कॉम्पोट."

"कॉम्पोट?" अग्रिपिनाने कपाळावर हात मारला. "अगं, ते काय गोवरातून उठलेत? सरपंच येणार, जिल्ह्याच्या लारिसा मॅडम येणार, आणि तू त्यांना उकळलेल्या चेऱ्या पाजणार? बाहेर पडल्यावर काय म्हणतील? घरात चार पेल्यांची ऐपत नाही, ही पोर काय सांभाळणार!"

"माझ्या घरात वाइन?" ओलेस्या म्हणाली. "मावशी, तुम्हीच ना सांगितलंत की—"

"तुला पी म्हणतेय का मी? पाहुण्यांना दे म्हणतेय. यजमानाने पहिला पेला घ्यायचा असतो तो तू नुसता ओठाला लाव. नाहीतर मी घेईन तुझ्या वतीने, त्यात काय!"

आणि चौदा महिने या बाईला वाइनपासून चार हात लांब ठेवण्यासाठी जिवाचे रान करणारी अग्रिपिना तासाभरात परत आली, ती सायकलच्या हँडलला तीन लिटरची बरणी अडकवून. स्वतःच्या तळघरातली. झाकणावर तिच्या सगळ्या बरण्यांवर असते तशी निळी चिकटपट्टी, त्यावर साल लिहिलेले. बरणी टेबलावर ठेवली, "लाज राख हो माझी" म्हणाली, आणि कचेरी बंद व्हायच्या आत फॉर्मच्या प्रती काढायच्या म्हणून निघून गेली. ओलेस्या बरणीकडे बघत उभी होती, तेवढे तिने जाताना पाहिले. पाहून तिला बरेही वाटले. पोरीला आता चिंता नाही, असा तिने त्या बघण्याचा अर्थ लावला. बावीस वर्षांचा अनुभव असला की माणसाला असे अर्थ पटकन लागतात.

बुधवारी सकाळी समिती निघाली. सरपंच हरालांबी पुढे, त्यांचे पोट त्यांच्याही पुढे. मागे लारिसा मॅडम. या जिल्ह्याच्या बालकल्याण कचेरीतून आल्या होत्या आणि उंच टाचांचे बूट घालून चिखलात उतरल्या होत्या, यावरून त्या खेड्यात किती वेळा येतात हे कळत होते. त्यांच्यामागे गावचा पोलीस ग्रिगोरे, सव्वीस वर्षांचा, गाडी चालवायची म्हणून तोंडाला काही न लावणारा, आणि त्याबद्दल गावात जरा कमीच मान असलेला. शेवटी फॉर्म घेऊन अग्रिपिना.

ओलेस्याच्या आधी आणखी दोन घरे होती. एकात छप्पर गळत होते, दुसऱ्यात सरकारी सरपण हवे होते. फॉर्म सगळीकडे तोच. त्यातले नववे कलम असे: हिवाळ्याची बेगमी, समक्ष पाहून. बेगमी तळघरात असते. तळघरात बटाटे असतात, कांदे असतात, लोणच्याच्या बरण्या असतात, आणि पिंप असते. बटाटे बघायला समितीला अर्धे मिनिट लागे. नवी वाइन नुकतीच निवळली होती, आणि नोव्हेंबरात घरधन्याने भरलेला पेला नाकारणे म्हणजे त्याच्या बापाला शिवी देणे. पहिल्या घरी पेला तीनदा फिरला. दुसऱ्या घरचा म्हातारा सरपंचांचा चुलत मेहुणा, तिथे किती फिरला हे कोणी मोजले नाही. लारिसा मॅडम पहिल्या घरी "मी कामावर असताना घेत नाही" म्हणाल्या होत्या. दुसऱ्या घरी त्या काही म्हणाल्या नाहीत. बेगमीच्या रकान्यात दोन्हीकडे लिहिले, 'समाधानकारक'.

अग्रिपिनाने मोजून चार पेले घेतले. समितीत राहायचे तर समितीसारखे राहावे लागते.

ओलेस्याचे अंगण झाडून लख्ख होते. स्वतः ओलेस्या दारात उभी होती, केस बांधलेले, हात एप्रनमध्ये, चेहरा पांढरा. समितीने घर पाहिले. लारिसा मॅडमनी चादर उचलून गादी पाहिली, गादी उचलून फळी पाहिली, मग खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवले आणि बोटाकडे जरा नाराजीनेच पाहिले. बोट स्वच्छ होते. इलिंकाच्या टेबलावर नव्या वह्या होत्या, त्यांवर ओलेस्याने सुबक अक्षरात नाव घातले होते. पहिली आठ कलमे दहा मिनिटांत उरकली.

मग सगळे टेबलाशी बसले. गरम प्लाचिंता आली, पांढरे चीज आले, आणि काचेच्या मोठ्या भांड्यातून आले लालभडक कॉम्पोट.

सरपंचांनी पेला उचलला, हुंगला, आणि परत ठेवला.

"हे काय आहे?"

"चेरी, दादा," ओलेस्या म्हणाली.

"ते दिसतंय. त्यानंतर काय आहे?"

"त्यानंतर आणखी हवं असेल तर आणखी चेरी."

अग्रिपिनाने भुवया उडवून, घसा खाकरून, शेवटी टेबलाखालून पायाने ओलेस्याला खुणावले. बरणी कुठे आहे, बाई? ओलेस्याने तिच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा प्लाचिंता कापायला घेतली. अग्रिपिनाचा संताप अनावर झाला. एवढे करून ठेवले तरी या पोरीला जगाची रीत कळू नये!

"नववं कलम," लारिसा मॅडम म्हणाल्या. "तळघर."

"किल्ली शेजारणीकडे आहे. आणते." ओलेस्या बाहेर गेली.

"स्वतःच्या तळघराची किल्ली शेजारणीकडे!" सरपंचांनी कोटाच्या गुंड्या लावत डोळे बारीक केले. "मॅडम, लिहून ठेवा. मी बारा वर्षं सरपंच आहे, असलं कधी ऐकलं नाही."

लारिसा मॅडमनी लिहून ठेवले.

तळघरात सगळे शिस्तीत मांडलेले होते. बटाट्याचे ढीग, गाजरे वाळूत पुरलेली, लोणच्याच्या बरण्या उंचीप्रमाणे. आणि कोपऱ्यात ते पिंप. सरपंचांचा चेहरा उजळला. त्यांनी खुंटीकडे पाहिले, खुंटीला पेला नव्हता. त्यांनी बोटाने पिंप वाजवून पाहिले, आवाज बद्द आला, म्हणजे भरलेले. त्यांनी झाकण सरकवले.

आत खारवलेली कलिंगडे होती. लहान लहान, बडीशेपेच्या काड्यांत पाण्यावर तरंगत सरपंचांकडे बघत होती.

"वाइनच्या पिंपात कलिंगडं!" सरपंच म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "बाई, यातली वाइन गेली कुठे?"

"काढलीच नाही यंदा. द्राक्षं शाळेला दिली."

"काढली नाही?" सरपंच समितीकडे वळले. "ऐकलंत? मोल्दोव्हातली बाई म्हणते, द्राक्षं होती, पिंप होतं, आणि वाइन काढली नाही. अहो, काढली आणि नोव्हेंबर उजाडायच्या आत संपवली! पुरावा समोर आहे. पिंप रिकामं आहे!"

"पिंप भरलेलं आहे, साहेब," ग्रिगोरे म्हणाला.

"वाइन नाही म्हणजे रिकामं!"

"आणि असती तर?" अग्रिपिनाने विचारले.

"असती तर घरात दारू आहे असं लिहावं लागलं असतं," लारिसा मॅडम थंडपणे म्हणाल्या. "व्यसनी बाईच्या घरात तीही चालत नाही. तुम्हाला नियम माहीत हवेत, अग्रिपिनाबाई."

नियम असा चहूबाजूंनी बंदोबस्ताचा होता. अग्रिपिना काही तरी बोलणार, एवढ्यात बटाट्यांच्या ढिगामागे सरपंचांचा पाय कशाला तरी लागला. त्यांनी वाकून एक पोते बाजूला केले. पोत्याखाली तीन लिटरची बरणी, काठोकाठ भरलेली, झाकणावर निळी चिकटपट्टी.

मग लारिसा मॅडमच्या पेनाचे टोपण निघाल्याचा आवाज आला.

"कुणाची आहे ही?"

ओलेस्या भिंतीला टेकली. तिचा चेहरा बघवत नव्हता. "मी प्याले नाही त्यातली."

"ते विचारलं नाही. कुणी आणली?"

"आणली कुणीतरी. पाहुण्यांसाठी."

आणि तिने अग्रिपिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. मुद्दाम पाहिले नाही. बोट दाखवले असते तर सुटली असती, पण ज्या बाईने चौदा महिने आपला हात धरला तिची नोकरी जाईल म्हणून ती जमिनीकडे बघत राहिली. अग्रिपिनाला हे सगळे कळले. पण निवृत्तीला तीन वर्षे होती. गावात तिला मान होता. आपण गप्प बसलो तर फार तर काय होईल, असा विचार तिच्या मनात आला. आलाच. मग तिला त्या गोधड्या आठवल्या, आणि स्वतःची शिसारी आली.

"माझी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"बरणी माझी आहे. माझ्या तळघरातली. काल मी आणली. हिला नको होती, मी बळेच ठेवून गेले. तुमच्यापुढे कॉम्पोट ठेवलं तर माझी नाचक्की होईल म्हणून."

लारिसा मॅडम हसल्या, जिल्ह्यातली माणसे खेड्यातल्या माणसांकडे बघून हसतात तशा. "तुमचा चांगुलपणा कळतो, अग्रिपिनाबाई. पण तिला पाठीशी घालू नका."

"पाठीशी कसली! पट्टी बघा. अक्षर माझं आहे. सरपंच, ईस्टरला तुम्हाला दिली होती ना एक? अशीच, निळ्या पट्टीची?"

सरपंचांनी तळघराचे छत न्याहाळले. "मला काही आठवत नाही बुवा."

"तीन दिवसांत संपवून रिकामी बरणी परत पाठवलीत!"

"ग्रिगोरे," लारिसा मॅडम म्हणाल्या, "गाडीत यंत्र आहे ना? घेऊन ये. आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लागेल."

दारू तपासायचे यंत्र आले. ओलेस्याने नळीत फुंकले. इतक्या जोरात फुंकले की डोळ्यांत पाणी आले. यंत्र हलकेच वाजले. ग्रिगोरेने वाचले, "शून्य. शून्य शून्य."

"होणं शक्य नाही," सरपंच म्हणाले.

"तेच म्हणते मी," लारिसा मॅडम म्हणाल्या. "तळघरात तीन लिटर, आणि आकडा शून्य? यंत्र बिघडलेलं असणार. अहवालात तसं लिहिते. रक्ताची तपासणी होऊ दे, समिती पुन्हा बसेल फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत पोर कायमची जाईल हो!" ओलेस्या ओरडली. त्या दिवशी ती प्रथमच ओरडली होती.

"त्याला माझा इलाज नाही. यंत्र बिघडलंय."

"दे रे इकडे," अग्रिपिना म्हणाली आणि तिने ग्रिगोरेच्या हातातून यंत्र घेतले. "बिघडलंय की नाही ते बघू. नळी बदल."

तिने छातीभर श्वास घेतला आणि फुंकले. यंत्र या वेळी नुसते वाजले नाही, किंचाळले. लाल दिवा लागला. ग्रिगोरेने आकडा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि अवघडून हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, शून्य पूर्णांक बावन्न. गाडी चालवत असता तर परवाना गेला असता."

"चालतंय ना यंत्र? छान. आता लिहा, मॅडम." अग्रिपिनाचे कान तापले होते, पण आवाज खणखणीत होता. "समितीची सदस्य अग्रिपिना बोत्नारू तपासणीच्या वेळी प्यालेली आढळली. सगळं लिहा. मी सही करते. आणि कुठे प्याली ते पण लिहा, खाली रकाना आहे. किती वाजता, कुणाच्या तळघरात, कुणाकुणाबरोबर, आणि पेला कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला."

"कुणाकुणाबरोबर हे कशाला हवंय?" सरपंच घाईने म्हणाले.

"रकाना आहे, दादा."

ग्रिगोरे भाबडा होता की फार हुशार, हे गावाला अजून ठरवता आलेले नाही. त्याने खिशातून नवी नळी काढली आणि अदबीने पुढे केली. "एकाच माणसावरून यंत्राची खात्री होत नाही म्हणतात, मॅडम. आणखी कुणी फुंकून बघता का? साहेब, तुम्ही?"

पिंपातल्या कलिंगडांचा बुडबुडा ऐकू आला.

"यंत्र व्यवस्थित आहे," लारिसा मॅडम म्हणाल्या. "मला सुरुवातीपासून वाटतच होतं."

पुढची कलमे उभ्याउभ्याच झाली. सरपंचांनी पिंपावर कागद ठेवून सही केली. नवव्या कलमापुढे लारिसा मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिले, 'बेगमी उत्तम. खारवलेली कलिंगडे विशेष उल्लेखनीय.' बरणीचा उल्लेख कुठे आला नाही. जी वस्तू कोणी पाहिलीच नाही तिचा उल्लेख कसा येणार! जाताना सरपंच अग्रिपिनाच्या कानाशी म्हणाले, "फार बोलतेस हल्ली. सोमवारी कचेरीत येऊन भेट." अग्रिपिनाने मान हलवली. सोमवारी काय होणार हे तिला ठाऊक होते, आणि नवल म्हणजे त्याची भीती वाटत नव्हती.

गाडी निघून गेली. ओलेस्या ओट्याच्या पायरीवर बसली होती.

"शनिवारी?" तिने विचारले.

"शनिवारी. बाराच्या बसने."

"ती मला काय म्हणेल, मावशी?"

"ते मी कसं सांगू? पहिले काही दिवस काहीच म्हणायची नाही बहुधा. तू जेवायला वाढ."

ओलेस्याने मान खाली घातली. तिचे खांदे बराच वेळ हलत होते. अग्रिपिनाने पाठीवर हात ठेवला. मग तिच्या मनातला सकाळपासूनचा राग पुन्हा वर आला.

"एवढं रामायण झालं त्या बरणीपायी! द्यायची नव्हती पाहुण्यांना, तर ओतून टाकायचीस गं काल!"

"ओतायला झाकण उघडावं लागलं असतं," ओलेस्या म्हणाली. "वास आला असता. तेवढा भरवसा नाही माझा माझ्यावर. म्हणून पोत्याखाली ठेवली, तळघराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारणीकडे नेऊन दिली. रात्रभर जागी होते." ती उठली, तळघरात गेली आणि बरणी दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून वर घेऊन आली. "न्या. भरलेली आहे तशीच आहे."

अग्रिपिनाने बरणी हँडलला अडकवली. तिला ओलेस्याकडे बघवेना.

"मावशी, उद्या गुरुवार."

"हो, येतेच की. मी नाही आले तर हजेरी कोण घेणार?"

"हजेरी मी घेईन. तुम्ही गोलात बसा."

"मी?" अग्रिपिना ताठ झाली. "मी काय पिते का?"

ओलेस्या उलट बोलली असती तर अग्रिपिनाने तिला सुनावले असते, बावीस वर्षांची नोकरी काढून दाखवली असती. पण ती नुसती उभी राहिली, एप्रनने हात पुसत. अग्रिपिना सायकल ढकलत फाटकाबाहेर पडली.

वळणावर, विहिरीपाशी, ती थांबली. भिकारडी बरणी, तिने सगळा घात केला असता. इथेच ओतून मोकळे व्हावे, म्हणून तिने ती हँडलवरून काढली आणि विहिरीच्या कट्ट्यावर ठेवली. निळी पट्टी सोलली. झाकणावर हात ठेवला. गेल्याच्या आदल्या सालची होती, चांगल्या सालची, त्या वर्षी ऊन छान पडले होते. ओतण्याआधी आंबली तर नाही ना, एवढे बघायला हरकत नव्हती. दुपार होती, सकाळपासून किती ताण पडला होता, आणि एक घोट घेतला म्हणून काही...

तिचा हात झाकणावरच राहिला. तिने तो काढून घेतला. ओतायला झाकण उघडावं लागतं, हे ओलेस्या आत्ताच म्हणाली होती.

तिने सायकल तिथेच विहिरीला टेकवून ठेवली, बरणी कट्ट्यावर तशीच सोडली, आणि पायी परत गेली. ओलेस्या अजून फाटकात उभी होती.

वाचनालयातल्या बैठकीची वेळ तीन वर्षांपूर्वी अग्रिपिनानेच ठरवली होती, दारावरची पाटीही तिनेच लिहिली होती. तरी तिने विचारले.

"ओलेस्या, उद्या किती वाजता असतं गं ते?"

"पाच वाजता, मावशी," ओलेस्या म्हणाली. "मी घ्यायला येते तुम्हाला."